मारेन

नाव सांगितलं तिनं, आणि तांबट आळी हसली.
"मारेन? कुणाला मारशील बाई?"
मी दुभाषी, दिवसाला चारशे रुपये,
हे सांगायचं की गिळायचं, हा माझा पहिलाच पेच.
सांगितलं. तीही हसली, वहीत लिहून घेतलं.
बेर्गनहून आणलेली वही:
डावीकडे ऐकलेलं, उजवीकडे कळलेलं.
उजवी पानं बरेच दिवस कोरी.

"एका हंड्याला किती तास लागतात?"
भालूकाका करडे म्हणाले, तास कुठले, ठोके विचार.
गळ्यापासून बुडापर्यंत साडेतीन हजार,
एकावर एक पडता कामा नये,
शेजारी शेजारी, पंगतीला बसल्यासारखे.
तिनं भागाकार केला: मिनिटाला चाळीस,
म्हणजे दीड तास.
काका सकाळपासून बसले होते.
तो आकडा मी त्यांना सांगितला नाही.

दुसऱ्या आठवड्यात देवळाच्या ओसरीवर बैठक.
तिच्या शब्दासाठी माझ्याकडे एकच शब्द होता.
म्हटलं, "सहकारी सोसायटी,"
आणि अडकित्ता सुपारीवरच थांबला.
"झाली की एक, एकोणऐंशी साली.
चेअरमनच्या घरावर मजला चढला,
आमच्या पासबुकाला वाळवी."
तिला मी म्हणाले, यांचा पूर्वी एक अनुभव आहे.
एवढंच.
रात्री रविवार कारंजावर चहा पिताना
मीच लाजून सगळं पुन्हा सांगितलं,
मजल्यासकट, वाळवीसकट.
तिचा चहा गार झाला.

सकाळी काकांना म्हणाली (म्हणजे मी म्हणाले),
मग तुम्हीच शब्द द्या.
काका हंडा फिरवत राहिले.
"भिशी म्हण.
भिशीत चेअरमन नसतो, पाळी असते."

तिच्या सरांनी फोनवर विचारलं, कारभाराची रचना काय?
मी काकांना विचारलं, पाळी कुणाची?
दोघांचंही समाधान झालं.
भाषांतर हे असं.

अर्जावर दहा नावं हवीत. जमली नऊ.
मारेननं इंदुमती वडक्यांकडे बोट दाखवलं,
चिंच-रांगोळीनं कोपरापर्यंत लाल झालेल्या.
"ती कारागीर कुठे? ती फक्त घासते."
इंदुमतीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले,
"मग न घासता विका," म्हणाल्या
आणि चार दिवस आल्या नाहीत.
भांडी भट्टीतून निघाली तशीच, काळी,
गिऱ्हाईक हात लावीना.
पाचव्या दिवशी अर्ज त्यांच्या घरी गेला.
सही करायला त्यांनी तीन मिनिटं घेतली.
मारेननं घड्याळ बघितलं नाही.

फार काही झालं असं नाही.
तांब्यामागे ऐंशी रुपये जास्त मिळू लागले.
पत्रा सगळ्यांचा मिळून येतो, म्हणून थोडा स्वस्त.
दोघे सोडून गेले, एक परत आला.
परदेशची मोठी ऑर्डर येणार होती,
ती अजून येणार आहे.

निघायच्या दिवशी काकांनी हातोडी पुढे केली.
"मारेन, आता मार."
सहा आठवड्यांत तिनं ती उचलली नव्हती.
पहिला ठोका बरा बसला.
दुसरा त्याच्यावरच:
बाहेरून खळगा, आतून टेंगूळ.
ती सॉरी सॉरी म्हणत राहिली.
ह्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.
काकांनी तांब्या सुधारला नाही, विकलाही नाही.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला
भिशीच्या चिठ्ठ्या त्याच तांब्यात घालतात.
इंदुमतीबाई हलवतात, उपडा करतात.
नऊ पडतात.
एक हटकून आत टेंगळाला अडकून बसते,
आणि ज्याची असेल तो कुरकुरतो,
"ही मारेन!"
मग कुणीतरी हातोडी घेऊन
बुडावर हलकेच एक ठोका देतं.